मायचं नाक

आमच्या घरात अख्खं वांगं कधी शिजलं नाही. भरली वांगी लोक करतात, देठासकट, चार चिरा देऊन, हे मला ठाऊक होतं, कारण शेजारच्या घरून त्यांचा वास यायचा. पण आमच्या ताटात वांगं यायचं ते फोडींचं, आणि त्या फोडीही कधी एका आकाराच्या नसायच्या. एक नखाएवढी, एक बोटाएवढी, एक नुसतीच तिरपी चकती. ज्या वांग्याला कीड लागली, जे एका अंगाला दबलं, जे देठाजवळ काळं पडलं, त्यातलं जेवढं वाचलं तेवढं आमचं. कोबीची वरची राठ पानं आमची, टमाट्याचा धड राहिलेला अर्धा गाल आमचा. घाटंजीत दोन खणांचं कौलारू घर होतं. बाबा जिनिंग फॅक्टरीत कापसाचे बोरे ओढायचे, आणि फॅक्टरी वर्षातले चार-पाच महिने चालून बंद पडायची. उरलेल्या महिन्यांत मिळेल ते काम, नाही तर अंगणातली खाट. त्या महिन्यांत घर चालायचं मायच्या खानावळीतल्या कामावर, आणि ताट भरायचं खानावळीत नापास झालेल्या भाजीवर. नापास हा शब्द माझा. शाळेतून मी तो घरी आणला तेव्हा माय हसली होती. म्हणाली होती, तिथं नापास झालं की आपल्या इथं पास.

खानावळ एका काकूंची होती. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते. ते गेल्यावर काकूंनी घराच्या पुढच्या खोलीत पाट मांडले आणि तहसिलीतले, बँकेतले, शाळेतले एकटे राहणारे लोक जेवायला येऊ लागले. काकू शिस्तीच्या, बोलायला तुटक, पण ताटात कधी कमी वाढणाऱ्या नव्हत्या. माय त्यांच्याकडे काम मागायला गेली त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होते तरी मला ती पाहिल्यासारखी आठवते. माय दारातच उभी राहिली आणि नमस्कार करण्याआधी म्हणाली, तुमच्या आतल्या खोलीत बटाट्याचं पोतं आहे, त्यात एक सडला आहे. काकूंनी पोतं उपसलं. अगदी तळाशी तो एक सापडला. त्या दिवसापासून गुजरीतून, म्हणजे भाजीबाजारातून, भाजी आणायची, निवडायची, चिरायची, सगळं मायकडे. काकू चारचौघांत सांगायच्या, "पार्बताच्या नाकाच्या भरवशावर मी रोजची पस्तीस पानं वाढते."

दुपारी काम आटोपून माय घरी यायची तेव्हा तिच्या डोक्यावर ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं असायचं. ते अंगणात सुटलं की आमच्या दिवसाचा खरा भाग सुरू व्हायचा. माय विळी घेऊन बसायची, मी समोर. तीन ढीग व्हायचे: एक आजच्या चुलीचा, एक वाळवायचा, एक शेजारच्या बकरीचा. ढीग करायला मायला डोळ्यांची फार गरज लागायची नाही. मेथीची जुडी ती उघडायच्या आधी मधोमध नाक घालायची, कारण पाणी मारून बांधलेली जुडी बाहेरून हिरवीगार असते आणि सडते ती पोटात. सांभाराचं तसंच. (सांभार म्हणजे कोथिंबीर; यवतमाळच्या बाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागतं, नाही तर तो इडलीबरोबरचं समजतो.) भेंडीचं टोक मोडायचं, कट्कन मोडलं तर ठीक. कोहळ्याच्या फोडीवर बोट फिरवायचं, बुळबुळीत लागली तर बकरीची. पण हे सगळं नंतर. पहिला निकाल नाकाचा, आणि त्यावर अपील नाही. मी कधी म्हटलं की माय, हे पान चांगलं दिसून राह्यलं, तर ती म्हणायची, दिसते, पण हाय नाही.

आज माझ्या यवतमाळच्या घरात मोठा फ्रिज आहे. माझी सून चांगली आहे, हुशार आहे, पण भाजी खराब झाली की नाही हे ती पिशवीवरची तारीख वाचून ठरवते. थंडीत वास झोपलेला असतो, हे मी तिला सांगते. भाजी बाहेर काढ, दहा मिनिटं ओट्यावर राहू दे, मग तीच बोलेल. ती हसते, पण आता काढून ठेवते.

मी बारावी झाले आणि गावाबाहेरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. आमच्या घरात, बाबांच्या घरात, मायच्या माहेरी, कोणीही कॉलेजचं दार पाहिलेलं नव्हतं. बाबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून मायनं त्यांना विचारलं नाही, सांगितलं. त्याच हिवाळ्यात मायला ताप आला. बारा-तेरा दिवस ती पडून होती, सर्दीनं डोकं धरून. उठली तेव्हा खूप वाळली होती, पण दुसऱ्याच दिवशी खानावळीत गेली. त्यानंतर काही गोष्टी बदलल्या, आणि त्या मी पाहिल्या नाहीत, हे मला आजही लागतं. फोडणी करपायला लागली. चुलीवरचं दूध उतू जाऊन जळायचं आणि माय शेजारीच बसलेली असायची. निवडायला बसलं की ती जुडी माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, "पाह्य बरं." मला वाटायचं, मी कॉलेजात जाते म्हणून आता माझं मत विचारते. मी फुशारून वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक करण्यात माझे दोन महिने गेले.

मग तो पत्ताकोबीचा दिवस आला. गाठोड्यात अर्धा गड्डा होता. मी कॉलेजातून उशिरा आले, निवडताना नव्हते. दिवेलागणीला आम्ही तिघं जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कोबीची भाजी. पहिला घास तोंडाशी आला आणि माझा हात थांबला. सडक्या कोबीला एक खास घाण वास असतो, कुजक्या अंड्याच्या जवळचा. तिखट-मिठानं तो लपत नाही, शिजला की जास्त पसरतो. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीही घास ताटात परत ठेवला होता. आणि माय जेवत होती. घास घेतला, चावला, गिळला, दुसरा तोडला. आमच्या गावातल्या कोणत्याही बाईनं ते ताट बाहेर भिरकावलं असतं, आणि जिच्या नाकावर पस्तीस लोक जेवायचे ती ते शांतपणे खात होती. बाबा उठले, आपलं ताट बकरीपुढे ठेवून आले. बकरीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. माय म्हणाली, भूक नाही का तुम्हाले. बाबा म्हणाले, पोट जड हाय.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माय अंगणात मेथी निवडत बसली होती. मी एक चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि मागून जाऊन तिच्या नाकाशी धरली, वीतभर अंतरावर. तिचे हात चालूच राहिले.

"माय, कायचा वास येऊन राह्यला व?"

हात थांबले. तिला कळलं होतं की मागे काहीतरी आहे, पण काय ते कळत नव्हतं.

"मेथीचा," ती म्हणाली.

मी चिंधी तिच्यापुढे टाकली. तिनं ती उचलली, बोटांत चोळली, ओलसर बोटांकडे पाहत राहिली.

"कधीपासून?"

"तापापासून. पयले वाटलं येईन वापस. नाही आलं."

"काकूले सांगितलं?"

"येडी झाली का? काकूनं मले नाकासाठी ठेवलं, बेबी. हात तर साऱ्याइलेच असते."

मागे त्या साथीच्या दिवसांत लोकांना वास येईनासा झाला तेव्हा सगळ्या जगाला धक्का बसला. टीव्हीवर डॉक्टर सांगत होते, कॉफी हुंगा, लवंग हुंगा. आमच्या इमारतीतल्या एक बाई रडत माझ्याकडे आल्या होत्या, की जेवण म्हणजे नुसतं चावणं झालं आहे. मी त्यांना चहा केला आणि मायबद्दल सांगितलं नाही. पण मनात म्हटलं, माझ्या मायनं हे एकटीनं सोसलं, आणि वर रोज पस्तीस लोकांचं जेवण सांभाळलं.

बाबांना कळलं होतंच. त्यांनी त्या संध्याकाळी साधा हिशोब मांडला, आणि त्यांच्या बाजूनं तो चुकीचा नव्हता. मायचं नाक गेलं, माझं नाक चांगलं आहे, तर मायच्या जागी मी जावं. खानावळ हातची जाऊ देऊन चालणार नाही. कॉलेज काय पळून चाललं? "आन शिकून तरी काय करशीन? कोबीचा वासच घेशीन ना?" ते चिडून बोलले नाहीत, थकून बोलले. पण मला माहीत होतं की कॉलेज पळून जात नसलं तरी सोडून गेलेली पोरगी परत येत नाही. माझ्या वर्गातल्या दोघी दिवाळीत घरी गेल्या होत्या, त्या परत आल्या नव्हत्या. मी म्हटलं, माय खानावळीत राहील आणि मी कॉलेजात राहीन. कसं, ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं. माय विस्तवाकडे पाहत होती. माझी चप्पल दाराशी उलटी पडली होती ती तिनं उठून सरळ केली.

कॉलेज अकराला भरायचं आणि गुजरी सहाला. दुसऱ्या दिवसापासून मी मायबरोबर गुजरीत जायला लागले. आमची खूण ठरली होती. माय जुडी उचलायची, निरखल्यासारखं करायची, मी शेजारी वाकून वास घ्यायचे. पिशवी डाव्या हातात म्हणजे घे, उजव्या हातात म्हणजे ठेव. चार-पाच दिवस हे नाटक छान चाललं. आम्ही बहुतेक भाजी जैबुनखालाकडून घ्यायचो. ती बागवानांची, नवरा गेल्यापासून एकटी दुकान लावायची, पोत्यावर मांडी घालून, तोंडात सुपारी. आमच्याशी ती हिंदी आणि वऱ्हाडी अशी कालवून बोलायची की कुठली कुठे संपली ते कळू नये. सहाव्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून व बेबी, हाताले मुंग्या आल्या का? कितीक डाव पिशवी बदलतं?" मी गोरीमोरी झाले. मग तिनं मायकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. "पार्बता बहन, नाक गया क्या तुम्हारा?"

माय सांभाराच्या जुडीला बांधलेली सुतळी सोडत राहिली. नाही म्हणाली नाही. तेवढ्यावरून खालाला कळलं. तिला आधीच संशय आला होता. पंधरा वर्षांत मायनं तिचा माल तोंडावर परत केला नाही असा आठवडा गेला नव्हता, आणि गेल्या दोन महिन्यांत एकदाही केला नव्हता. खाला म्हणाली, मला सांगायचं होतंस, मी काय गावात दवंडी पिटणार होते? गिऱ्हाईक थांबलं होतं, त्याला तिनं हातानंच थोपवलं आणि पत्ताकोबीचा एक गड्डा उचलून मायच्या कानाला लावला. दोन्ही हातांनी दाबला. गड्डा करकरला, नव्या चपलेसारखा. मग ढिगाच्या खालून दुसरा काढला. तोही दिसायला तसाच, देठाचा काप पांढराशुभ्र. दाबला. आवाज नाही, नुसतं दबणं. खालानं सुरीनं त्याचे दोन भाग केले. आतली पानं तपकिरी, चिकट.

"जो करकर बोल्या वो जिंदा," ती म्हणाली. "नाक गया तो क्या हुआ. कान तो है ना."

मायनं विचारलं, हा काप तर पांढरा होता. खाला हसली. देठ काळा पडला की सगळेच व्यापारी त्याची पातळ चकती काढून टाकतात, म्हणाली, मी पण काढते. तुला ते सांगायची गरज नव्हती, कारण तू वास घ्यायची. आता तू फक्त पाहते, म्हणून तुला सांगायलाच पाहिजे. मेथीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत गरम लागलं तर सडायला सुरुवात झाली. बटाट्याच्या पोत्याला खालून हात लावायचा. ओल लागली किंवा चिलटं उडाली तर एक तरी गेला आहे. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. माय मात्र हूं हूं करत राहिली. तिचा कानावर विश्वास नव्हता. तिचा विश्वास माझ्या नाकावर होता, आणि मलाही, खरं सांगायचं तर, ते आवडत होतं.

ते आवडणं महागात पडलं. फाल्गुन संपत आला होता, ऊन चढलं होतं, भाजी सकाळची दुपारी टिकत नव्हती. एक दिवस एका व्यापाऱ्यानं कोबीचं पोतं दुपारी थेट खानावळीत आणून टाकलं. मी कॉलेजात होते. मायनं देठाचे काप पाहिले, सगळे पांढरे. घाईत चिरलं, शिजवलं. बँकेतले एक पाहुणे होते, त्यांनी पहिला घास घेतला, भरलेलं पान तसंच ठेवलं आणि उठले. खानावळीत भरल्या पानावरून माणूस उठणं म्हणजे काय, हे ज्यानं खानावळ चालवली त्यालाच कळतं. काकूंनी त्यांच्यासमोर काही म्हटलं नाही. सगळे गेल्यावर त्या भाजीच्या पातेल्यावर वाकल्या, सरळ झाल्या आणि म्हणाल्या की पार्बता, तीन दिवसांनी तहसिलीतल्या साहेबांचं निरोपाचं जेवण आहे. त्या दिवशी भाजी माझ्यासमोर निवडायची. एवढंच. पण माय पंधरा वर्षं तिथे होती, तिला त्याचा अर्थ कळला.

आणि त्याच दिवशी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. परीक्षेचं. मी मायला सांगितलं की मी येते, पिशवी घेऊन शेजारी उभी राहते, प्रॅक्टिकल बुडालं तर बुडालं, एक वर्ष मागे राहीन. माय भाकरी थापत होती. तिनं भाकर तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, उलटवली, मग बोलली.

"तू परीक्षा सोडशीन तर मी खानावळ सोडतो. आजच. जाऊन सांगून येतो."

"आन तुले ओळखू नाही आलं तर?"

"नाही आलं तर नाही आलं. पण थे माह्यं नापास होणं राहीन. तुह्यं कायले?"

पुढचे दोन दिवस मायनं जे केलं ते मी आयुष्यात फार कमी माणसांना करताना पाहिलं आहे. सकाळी सहाला ती खालाच्या दुकानावर जाऊन बसली आणि कोबीचे गड्डे एकामागून एक कानाला लावत राहिली. गुजरीतले लोक हसत होते. एक जण म्हणाला, बाई कोबीले फोन लावून राह्यल्या का. खालानं त्याला असं काही सुनावलं की ते मी इथे लिहीत नाही. संध्याकाळी घरी खालानं दिलेले सात गड्डे मी मांडायचे, माय डोळे मिटून दाबायची. पहिल्या संध्याकाळी तीन चुकले. दुसऱ्या संध्याकाळी एक चुकला. बाबा खाटेवरून पाहत होते. शेवटी ते उठून आले आणि म्हणाले, त्या एकाचं वजन पाह्य, हलका लागते का. जिनिंगमध्ये बोरा उचलला की आत कापूस ओला आहे की कोरडा हे त्यांना खांद्याला कळायचं. मायनं दोन गड्डे दोन हातांत तोलले. चुकलेला खरंच हलका होता.

प्रॅक्टिकलला मला जी पूड मिळाली तिची चाचणी करायची होती, कोणता क्षार आहे ते ओळखायचं होतं. परीक्षानळीत आम्ल टाकलं आणि हातानं वारा घेऊन वास घेतला, शिकवलं होतं तसा. आणि मी एकदम आमच्या ताटासमोर बसले होते. तोच वास. सल्फाइड. पुढच्या चाचण्या मी सगळ्या केल्या, कागद काळा पडला, तक्ता भरला, पण मला उत्तर पहिल्या श्वासाला माहीत होतं. बाहेरगावचे परीक्षक माझ्या टेबलाशी थांबले, म्हणाले, इतक्या लवकर? मी म्हटलं, सर, वासावरून. त्यांनी विचारलं, वास ओळखायला कुठे शिकलात? मी म्हटलं, घरी. ते पुढे गेले. घड्याळात एक वाजला होता आणि खानावळीत भाजी निवडून झाली असणार होती.

पुढचं मी पाहिलं नाही. मायनं ते मला तीन वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा थोडं वेगळं. पण तिन्ही वेळांत जे सारखं आहे ते असं. काकूंनी पाट घेतला आणि समोर बसल्या. मायनं मेथीच्या पोत्यात हात घातला, वांग्यांचे देठ दाबले, भेंडीची टोकं मोडली. मग कोबी. पहिला गड्डा कानाला लावला तेव्हा काकूंनी भुवया उचलल्या. दुसरा लावला. पाचवा तिनं बाजूला ठेवला, नंतर आणखी एक हातात तोलून बाजूला ठेवला. काकू म्हणाल्या, हे काय चाललंय? देठ तर पांढरा आहे. आणि तिथे मायनं जे केलं ते करायचं आमचं ठरलं नव्हतं. तिनं दोन्ही गड्डे काकूंपुढे सरकवले आणि म्हणाली,

"माह्यं नाक गेलं, काकू. हिवाळ्यातल्या तापात गेलं. आजवर पोरीच्या नाकानं चालवलं, त्या दिवशी पोरगी नोयती. हे दोन चिरून पाहा. चांगले निघाले तर मी उद्यापासून येत नाही."

काकूंनी स्वतः विळी ओढली. दोन्ही गड्डे आतून गेलेले होते. मग त्यांनी मायनं घेतलेल्यांतला एक उचलला, तोही चिरला. पांढरा, करकरीत. मला सांगायला हवं होतंस, त्या म्हणाल्या. खोटं वागलीस ते वागलीस, ते मी विसरणार नाही. माय म्हणाली, नका विसरू. मग काकू उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "वास मी घेईन. कान तुझा, हात तुझा. आता ऊठ, साहेब एकला येणार आहेत, अकरा वाजले."

मी धावत खानावळीच्या मागच्या दारी पोचले तेव्हा माय पंगतीला कोबी वाढायला देत होती. तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं. तिनं विचारलं, जमलं? मी म्हटलं, जमलं. मग मी विचारलं, तुह्यं? ती म्हणाली, पातेलं धर, हात भाजून राह्यला.

काकू खरोखर विसरल्या नाहीत. सबंध महिनाभर त्यांनी प्रत्येक जुडी स्वतः हुंगली, एकदा तर मायच्या समोरच दोन वेळा. मायनं ते चेहरा न बदलता सोसलं. मग एक दिवस काकूंना सर्दी झाली, आणि त्या दिवशी दोघींपैकी कोणालाच वास येत नव्हता. भाजी मायच्या कानानं आणि हातानं निवडली गेली, पंगत उठली, एकही पान भरलेलं राहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी हुंगणं सोडून दिलं. खालाला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती इतकी हसली की सुपारी घशात अडकली.

आजही मी भाजीच्या दुकानात कोबी कानाला लावते. नव्या दुकानांत, जिथे थंड हवा असते आणि कोबी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असते, तिथे पोरं वळून पाहतात. पाहोत. प्लास्टिकमधूनही ती करकरते.

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी काकूंनी मायबरोबर आठ वांगी पाठवली. लहान, जांभळी, देठाला काटे असलेली, एकालाही डाग नाही. मायनं ती पुन्हा पुन्हा दाबून पाहिली, सवयीनं. मग चार चिरा दिल्या, तीळ-खोबऱ्याचं वाटण भरलं आणि देठासकट शिजवली. झाकण काढून ती बाजूला झाली आणि मला म्हणाली, सांग बरं, कसा येऊन राह्यला. मी वाकून वास घेतला आणि तिला सांगितला, एकेक करून: तिळाचा, मग लसणाचा, मग तळाशी जरा लागलेल्या मसाल्याचा. बाबा ताटावर बसले होते. म्हणाले, आता वाढा, वासानं पोट भरत नाही.

मी बी.एस्सी. झाले, द्वितीय श्रेणीत, आमच्या दोन्ही घरांतली पहिली. माय त्यानंतर अकरा वर्षं खानावळीत होती. स्वतःच्या मर्जीनं तिनं काम सोडलं, आणि त्या अकरा वर्षांत तिथून एकही माणूस भरल्या पानावरून उठला नाही.